पीक विम्याचा आकडा ज्यांच्या पद्धतीवर ठरतो, ते डॉ. पां. वा. सुखात्मे कोण होते?

सोयाबीनची रास झाली की परभणी जिल्ह्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते. आपल्या मंडळाला विमा मंजूर झाला का? शेजारच्या मंडळाला मिळाला, मग आपल्याला का नाही? पाऊस तर दोघांकडे सारखाच झाला होता.

या प्रश्नाचं उत्तर असतं काही मोजक्या शेतांमधल्या लहान लहान प्लॉटमध्ये. महसूल मंडळात एका पिकाचे जेमतेम दहा-बारा पीक कापणी प्रयोग होतात. चिठ्ठी काढावी तशा पद्धतीने शेत निवडलं जातं, शेतात खुंट्या ठोकून दोरी बांधली जाते, दोरीच्या आतलं पीक कापून, मळून, वजन केलं जातं. त्या वजनावरून अख्ख्या मंडळाचं हेक्टरी उत्पादन ठरतं, आणि त्यावरून हजारो शेतकऱ्यांच्या खात्यात किती पैसे येणार ते ठरतं. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने एक रुपयात विमा बंद केला आणि भरपाई उत्पादनाच्या आकड्याशीच बांधली. त्यामुळे या प्रयोगांचं वजन अजूनच वाढलं.

ही पद्धत कोणी बनवली? एकट्या माणसाचं नाव घेणं बरोबर नाही, पण एकच घ्यायचं झालं तर ते सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं घ्यावं लागेल.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात एमएस्सी केलेल्या कुणालाही विचारा. प्रबंधाच्या शेवटी संदर्भांच्या यादीत "पानसे आणि सुखात्मे" ही जोडी असतेच. गंमत म्हणजे नाव सगळ्यांना पाठ, पण माणूस फार थोड्यांना माहीत.

आधी छोटं करून बघा

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ चा, खटाव तालुक्यातल्या बुध गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून त्यांनी १९३२ साली गणितात पदवी घेतली आणि पुढच्या वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले.

त्या काळी संख्याशास्त्र शिकायचं तर लंडनसारखी दुसरी जागा नव्हती. रोनाल्ड फिशर, इगॉन पिअर्सन आणि पोलंडहून आलेले येर्झी नेमन, आज पाठ्यपुस्तकात ज्यांच्या नावाने सूत्रं आहेत ती माणसं तिथे एकाच छताखाली होती आणि एकमेकांशी कडाकडा भांडत होती. नेमन यांनी नुकताच एक मोठा प्रश्न सोडवला होता. समजा तुम्हाला मोठ्या लोकसंख्येची पाहणी करायची आहे, पण सगळ्यांपर्यंत पोहोचणं शक्य नाही. मग लोकांचे गट पाडा आणि ज्या गटात माणसामाणसांत फरक जास्त, तिथून जास्त नमुने घ्या. जिथे सगळे सारखेच, तिथे थोडक्यात भागतं.

ऐकायला सोपं आहे, पण यात एक मेख आहे. कोणत्या गटात फरक जास्त हे पाहणीच्या आधीच कसं कळणार? ते कळण्यासाठीच तर पाहणी करायची आहे.

सुखात्मे यांनी १९३५ साली, वयाच्या २४ व्या वर्षी, नेमका हा प्रश्न हातात घेतला. त्यांचं उत्तर असं होतं की मोठ्या पाहणीआधी एक छोटी पाहणी करा. तिच्यातून प्रत्येक गटातल्या फरकाचा कच्चा अंदाज येतो. अंदाज कच्चाच असतो, चुकूही शकतो. तरीही बहुतेक वेळा तो वापरून आखलेली मोठी पाहणी डोळे झाकून आखलेल्या पाहणीपेक्षा बरी निघते, हे त्यांनी गणिताने दाखवलं.

आज ॲप बनवणारी मंडळी हेच करतात. आधी कच्चं मॉडेल बनवायचं, चार लोकांच्या हातात द्यायचं, ते कुठे अडखळतात ते बघायचं आणि मग खरं ॲप बांधायचं. याला ते प्रोटोटाइप म्हणतात. सुखात्मे यांच्या काळात कॉम्प्युटर नव्हता. पण देशात किती धान्य पिकलं ही माहिती गोळा करणारी यंत्रणा हीसुद्धा एक माहिती प्रणालीच असते. ती कागदावर, तलाठ्याच्या दप्तरात आणि तराजूवर चालते, इतकाच फरक.

मालवीय यांनी विचारलेला प्रश्न

१९३६ साली पीएचडी आणि १९३९ साली डीएस्सी घेऊन सुखात्मे भारतात नोकरी शोधू लागले. या काळातला एक प्रसंग त्यांच्याबद्दल नेहमी सांगितला जातो. बनारस हिंदू विद्यापीठात जागेसाठी ते पंडित मदनमोहन मालवीय यांना भेटले. मालवीय यांनी त्यांचं संशोधन ऐकून घेतलं आणि मग विचारलं की याचा या देशातल्या गरीब माणसाला काय उपयोग. लंडनहून दोन पदव्या घेऊन आलेल्या तरुणाकडे त्याचं समाधानकारक उत्तर नव्हतं.

नोकरी तिथे मिळाली नाही, पण प्रश्न डोक्यात राहिला असावा, कारण पुढचं सगळं आयुष्य त्यांनी दोनच गोष्टी मोजण्यात घालवलं. शेतात किती पिकतं आणि माणसाच्या पोटात किती जातं.

कलकत्त्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीनमध्ये थोडा काळ शिकवून ते १९४० साली दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत गेले. आजची आयसीएआर म्हणजेच ती संस्था. संख्याशास्त्राची तिथली शाखा त्यांनी वाढवली आणि १९५१ पर्यंत सांभाळली.

तेव्हा पीक मोजायचे कसे?

नजरेने! इंग्रजांची पद्धत अशी होती. पेरा किती झाला हे गावच्या दप्तरातून घ्यायचं. चांगल्या वर्षी एकरी किती पिकतं याचा एक ठरलेला आकडा असायचा. आणि यंदा त्याच्या किती आणे पीक आलंय हे गावपातळीवरचा कर्मचारी डोळ्यांनी बघून सांगायचा. हीच आणेवारी. परभणीकरांना तिचा आजचा अवतार चांगलाच ठाऊक आहे. पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की वर, यावर दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे आंदोलनं होतात.

नजर अंदाजाची अडचण अशी की तो नेहमी एकाच बाजूला कलतो. सारा माफ व्हायची शक्यता असेल तर पीक कमी दिसतं, आणि वरिष्ठ खूश होणार असतील तर जास्त दिसतं. प्रत्यक्ष पीक कापून बघायचे प्रयोगही होत असत, पण त्यासाठी शेत साहेब निवडायचे. साधारण शेत निवडा म्हटलं की कोणाचंही बोट बऱ्यापैकी दिसणाऱ्या शेताकडेच जातं. १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात हबॅक नावाच्या एका आयसीएस अधिकाऱ्याने भाताच्या पिकासाठी चिठ्ठीपद्धतीने जागा निवडून बघितल्या होत्या. पण तो एका माणसाचा उद्योग राहिला, व्यवस्था बनली नाही.

मग १९४३ साल आलं. बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. दुष्काळाची कारणं बरीच होती आणि त्यावर आजही वाद आहेत. पण सरकारला आपल्याकडे धान्य नेमकं किती आहे हेच धड माहीत नव्हतं, ही गोष्ट लपवता येण्यासारखी राहिली नाही. रेशनिंग चालवायचं तर आकडा हवा आणि तो खरा हवा.

अकोल्यात आधी करून पाहिलं

इथे आपल्या भागाचा संबंध येतो. १९४२-४३ च्या हंगामात अकोला जिल्ह्यात कापसाच्या उत्पादनाचा अंदाज घेण्यासाठी चिठ्ठीपद्धतीने एक चाचणी पाहणी झाली. त्यामागे होते विनायक गोविंद पानसे, इंदूरच्या संस्थेत काम करणारे, म्हणजे पुढे "पानसे आणि सुखात्मे" मधले पानसे. तेव्हा अकोला जिल्ह्यात वाशिम होतं आणि निजामाच्या राज्यातल्या परभणी जिल्ह्यात हिंगोली. म्हणजे दोन जिल्ह्यांची हद्द एकमेकांना लागून होती. अलीकडे मध्य प्रांत-वऱ्हाड, पलीकडे हैदराबाद संस्थान. काळी माती तीच, कापूस तोच.

एका जिल्ह्यात जमलं तेव्हा पद्धत पुढे नेली गेली. लगेच गव्हासाठी पंजाब आणि संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, आणि पाठोपाठ भातासाठी इतर प्रांतांत सुखात्मे यांच्या शाखेने पाहण्या सुरू केल्या.

पद्धत थोडक्यात अशी. जिल्ह्याचे तालुक्यांप्रमाणे गट पाडायचे. प्रत्येक तालुक्यातून रँडम आकड्यांच्या तक्त्यावरून गावं निवडायची, गावातून शेतं निवडायची. शेतातली जागासुद्धा कर्मचाऱ्याने स्वतः ठरवायची नाही. आजही पीक कापणीसाठी आलेली माणसं शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात जाऊन उभी राहतात आणि तिथून ठरलेली पावलं मोजत आत जातात. अनेकांना तो सरकारी रिवाज वाटतो. खरं तर चांगलं पीक बघून तिकडे वळणारे पाय थांबवण्यासाठी केलेली ती सोय आहे.

सुखात्मे यांचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय माझ्या मते गणितातला नव्हताच. पाहणीचं काम त्यांनी महसूल आणि शेती खात्याच्या नेहमीच्या माणसांकडून करून घेतलं. ज्याच्याकडे आधीच शंभर कामं आहेत, ज्याला संख्याशास्त्र शिकायची हौस नाही आणि ज्याला संध्याकाळी घरी परतायचं आहे, अशा माणसाच्या हातून. कारण उद्या हीच माणसं लाखो शेतांत जाणार होती. चाचणी घेताना हुशार, खास नेमलेली माणसं वापरली असती तर चाचणी पास झाली असती आणि खरी यंत्रणा नापास.

महालनोबिस यांच्याशी झालेला वाद

या निर्णयामुळे त्यांची गाठ देशातल्या सगळ्यात मोठ्या संख्याशास्त्रज्ञाशी पडली. प्रशांतचंद्र महालनोबिस कलकत्त्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट चालवत होते. बंगालमध्ये तागाच्या आणि नंतर भाताच्या पाहण्या त्यांनी सुखात्मे यांच्या आधीपासून केल्या होत्या. चाचणी पाहण्यांची सवय त्यांनाही होती, किंबहुना भारतात ती रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण त्यांची माणसं खास नेमलेली आणि शिकवून तयार केलेली असत, आणि त्यांचे प्लॉट अगदी लहान असत. काही फूट त्रिज्येचा गोल कापायचा आणि पुढे निघायचं. लहान प्लॉट म्हणजे कमी वेळ, आणि कमी वेळ म्हणजे तेवढ्याच खर्चात जास्त शेतं. हिशोब चोख होता.

सुखात्मे यांना शंका होती की लहान प्लॉट खोटं बोलतो. त्यांनी १९४४-४५ च्या गव्हाच्या हंगामात मुरादाबाद जिल्ह्यात ती तपासली. मोठे त्रिकोण, लहान त्रिकोण, तीन फूट त्रिज्येचा गोल, दोन फूट त्रिज्येचा गोल असे निरनिराळे प्लॉट कापून आकडे शेजारी-शेजारी ठेवले. प्लॉट जितका लहान, तितका पिकाचा अंदाज फुगलेला निघाला.

असं का होतं, ते घरबसल्या समजून घेता येतं. दोरीच्या रेषेवर उभं असलेलं झाड आत धरायचं की बाहेर? हात आपोआप ते आत ओढतो. समजा या सवयीमुळे कड सगळीकडे तीन इंच बाहेर सरकली. दोन फूट त्रिज्येच्या गोलाचं क्षेत्रफळ त्यामुळे २६ टक्क्यांहून जास्त वाढतं. आता ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद आयत घ्या. सुखात्मे यांच्या शाखेने वापरलेला हा प्लॉट म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग, आपल्या भाषेत बरोबर अर्धा गुंठा. तीच तीन इंचांची चूक इथे साडेचार टक्क्यांच्या आसपास राहते.

वजनाचंही तसंच. त्या छोट्या गोलात शंभर ग्रॅम दाणे चुकून जास्त आले तर एकरी हिशोबात जवळपास साडेतीन क्विंटल वाढतात. अर्ध्या गुंठ्यात तीच शंभर ग्रॅमची चूक एकरी आठ किलोवर थांबते.

सुखात्मे यांनी हे १९४६ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध विज्ञान नियतकालिकात छापलं. महालनोबिस आणि त्यांचे सहकारी गप्प बसणारे नव्हते. कडेच्या झाडांची भानगड त्यांनाही माहीत होती. माणसं नीट शिकवलेली असतील आणि प्लॉट फारच बारीक नसेल तर ही चूक आटोक्यात राहते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात तथ्यही होतं. पण लाखभर तलाठ्यांना इतकं नीट शिकवणार कोण, यावर सुखात्मे यांची बाजू वरचढ ठरली. देशभर पसरली ती मोठ्या प्लॉटची आणि खात्याच्या माणसांची पद्धत. आज बहुतेक राज्यांत बहुतेक पिकांसाठी पाच किंवा दहा मीटर बाजूचा चौकोन कापतात. उत्तर प्रदेशात त्रिकोण आहे. पश्चिम बंगालमध्ये मात्र अजूनही गोलच कापतात, मूळच्यापेक्षा मोठा झालेला, पण गोलच. दोन माणसांचा वाद राज्यांच्या शेतात असा उमटलेला फार कमी ठिकाणी दिसेल.

या वादाची किंमत विम्याच्या भाषेत मांडून बघू. आकडे फक्त उदाहरणापुरते आहेत. समजा मंडळाचं उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल आहे आणि विमा रक्कम ५० हजार. यंदा खरं उत्पादन ७ क्विंटल झालं, म्हणजे ३० टक्के तूट, म्हणजे हेक्टरी १५ हजार रुपये भरपाई. आता प्रयोगात २० टक्के फुगवटा आला असं धरा. ७ चे ८.४ क्विंटल झाले, तूट १६ टक्क्यांवर आली आणि भरपाई ८ हजारांवर. शेतात काहीही बदललेलं नाही, फक्त दोरी थोडी सैल बांधली गेली. उलट बाजूने कमी वजन दाखवलं तर विमा कंपनीचं नुकसान. म्हणून तर प्रयोगाच्या वेळी कंपनीचा माणूस हजर असतो, गावचे लोकही हजर राहू शकतात, आणि आता ॲपवर जागेचं लोकेशन आणि फोटो टाकावे लागतात.

पुस्तक, संस्था आणि रोम

१९४७ च्या सुरुवातीला कृषी संख्याशास्त्राची भारतीय संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद होते आणि कामाचा भार सुखात्मे यांच्यावर होता. १९५४ साली दोन महत्त्वाची पुस्तकं आली. एक नमुना पाहणीच्या सिद्धांतावर एकट्या सुखात्मे यांचं, दुसरं शेती संशोधकांसाठी पानसे यांच्याबरोबरचं. दिल्लीतल्या त्यांच्या शाखेची पुढे स्वतंत्र संस्था झाली, तिची धुरा पानसे यांनी सांभाळली. त्या संस्थेत १९६४ साली आयबीएमचा कॉम्प्युटर आला. तोवर यंत्रणा कागदावर घासूनपुसून तयार झालेली होती, यंत्राने फक्त बेरजा वेगाने केल्या.

सुखात्मे स्वतः मात्र १९५१ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत, म्हणजे एफएओमध्ये गेले होते. रोममध्ये सांख्यिकी विभागाचे संचालक म्हणून त्यांनी २० वर्षं काढली.

तिथे त्यांनी दुसरा प्रश्न हातात घेतला. जगात उपाशी माणसं किती? त्या वेळी एफएओचे पहिले प्रमुख लॉर्ड बॉइड ऑर यांचं एक विधान सगळीकडे फिरत होतं की जगातली दोन तृतीयांश माणसं अर्धपोटी आहेत. आकडा धक्कादायक होता, म्हणून तो खूप चालला. आजच्या भाषेत व्हायरल. सुखात्मे यांनी १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीत वेगळा हिशोब मांडला. देशात सरासरी किती अन्न आहे एवढं बघून उपाशी माणसं मोजता येत नाहीत, कारण सरासरी कोणीच खात नाही. ज्याच्या ताटात कमी तो वेगळा, ज्याच्यात जास्त तो वेगळा, आणि प्रत्येकाची गरजही वेगळी. हा सगळा फरक हिशोबात धरून त्यांनी सांगितलं की पुरेसं अन्नच न मिळणारे लोक जगात १० ते १५ टक्के असावेत, आणि निकृष्ट आहाराचे बळी मोजले तर हा आकडा अर्ध्या जगापर्यंत जाऊ शकतो. आज एफएओ दरवर्षी कुपोषितांचा जो आकडा जाहीर करते, तो काढण्याच्या रीतीचं मूळ या कामात आहे.

पुढे त्याच सोसायटीने त्यांना गाय पदक दिलं. १९७१ साली भारत सरकारने पद्मभूषण दिलं आणि त्याच वर्षी एफएओतली कारकीर्द संपवून ते पुण्याला परतले.

भाकरी, डाळ आणि आणखी एक भांडण

१९६० च्या दशकात जगभर प्रोटीनच्या तुटवड्याची हाकाटी सुरू होती. गरीब देशांना दूध पावडर द्या, माशाचं पीठ द्या, प्रोटीनच्या बिस्किटांचे कारखाने काढा, असे सल्ले येत होते. सुखात्मे यांनी १९७० साली भारतातल्या आहार पाहण्यांचे आकडे उलगडून दाखवले की इथली माणसं जे धान्य आणि डाळ खातात तेच पोटभर मिळालं तर बहुतेकांची प्रोटीनची गरज त्यातच भागते. प्रोटीन कमी पडतं ते मुळात पोट भरत नाही म्हणून. मराठवाड्याच्या घरात सांगायचं तर ज्वारीची भाकरी आणि वरण पुरेसं असेल तर डब्यातली पावडर लागत नाही. तेव्हा हे बोलणं बाजाराच्या आणि बऱ्याच तज्ज्ञांच्या विरोधात होतं, पण पुढच्या काही वर्षांत पोषणशास्त्र त्याच दिशेने वळलं.

त्यानंतरचा त्यांचा दावा मात्र जास्त वादग्रस्त ठरला आणि तो सांगितल्याशिवाय हे चरित्र पूर्ण होणार नाही. सुखात्मे म्हणू लागले की एकाच माणसाची रोजची गरजसुद्धा स्थिर नसते. शरीर काही मर्यादेत कमी खाण्याशी जुळवून घेतं. म्हणून सरासरी गरजेला रेषा मानून तिच्याखालच्या सगळ्यांना भुकेले मोजणं चूक आहे, रेषा खाली आणायला हवी. तशी आणली तर देशातल्या गरिबांचा आकडा धाडकन खाली येत होता.

याला पुण्यातूनच उत्तर आलं. वि. म. दांडेकर यांनी नीळकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा गाजलेला अभ्यास केला होता. त्यांनी आणि इतर टीकाकारांनी सुखात्मे यांच्या मांडणीवर कडक हल्ला चढवला. शरीर जुळवून घेतं म्हणजे नेमकं कोणाचं? ज्या प्रयोगांचा आधार घेतला ते मोजक्या, धडधाकट माणसांवरचे. उसाच्या फडात राबणाऱ्या बाईला ते लागू आहेत हे कशावरून? आणि कमी खाऊन जगणं जमलं म्हणजे ते पुरेसं आहे असं कसं म्हणायचं?

मला यात टीकाकारांचं म्हणणं जास्त पटतं. मुरादाबादच्या शेतात सुखात्मे यांनी छोट्या गोलावर विश्वास ठेवायला नकार दिला होता, कारण छोट्या गोलाची चूक गुणाकाराने वाढते हे त्यांना दिसलं होतं. भुकेच्या वादात त्यांच्याच मांडणीचा आधार थोडक्या माणसांच्या मोजमापांवर होता आणि निष्कर्ष कोट्यवधींबद्दल होता. अर्थात त्यांचा मूळ मुद्दा, की सरासरी गरजेची रेषा आंधळेपणाने वापरू नका, आजही संख्याशास्त्रज्ञ मान्य करतात. त्यांनी गरीब माणसाला हलक्यात घेतलं असंही म्हणता येणार नाही. पुण्यातल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत बसून ते उतारवयातही आहार आणि आरोग्याच्या प्रश्नांवर काम करत राहिले. खेड्यात नुसतं अन्न वाढवून भागत नाही, शुद्ध पाणी नसेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही, हे ते वारंवार मांडत.

२८ जानेवारी १९९७ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

पुढे काय झालं?

केंद्र सरकारने ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांसाठी सुखात्मे यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला. तो दिला जातो राष्ट्रीय सांख्यिकी दिनाला, म्हणजे २९ जूनला. आणि २९ जून हा महालनोबिस यांचा जन्मदिवस आहे.

शेतात आता नवी यंत्रणा येते आहे. उपग्रहाचे फोटो, पाऊस आणि मातीची माहिती घालून कॉम्प्युटर उत्पादनाचा अंदाज काढतो. महाराष्ट्रात सोयाबीनसारख्या पिकांसाठी या अंदाजालाही पीक कापणीच्या आकड्याबरोबर वजन दिलं जातं. मग सेलूच्या नाहीतर गंगाखेडच्या शेतकऱ्याने विचारावं असा साधा प्रश्न आहे, की उपग्रहाचा अंदाज बरोबर आला हे ठरवतात कसं? दिल्लीतल्या ज्या सरकारी केंद्राने देशभर यासाठी चाचणी प्रकल्प चालवले, त्याचं नाव महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र. आणि तिथले अंदाज ताडून बघितले जातात ते शेतात दोरी बांधून, पीक कापून केलेल्या वजनाशी.